पिठ्ठूतली रेशमी खोळ



भिलाईला येऊन आता दुसरं वर्ष चालू आहे. इथल्या पोलाद कारखान्याबद्दल लिहा, रूळ कसे तयार होतात ते सांगा, असं बऱ्याच जणांनी कळवलं. तेही लिहीन. पण आज एका अगदी लहान वस्तूबद्दल लिहितो. वजन एकशेतीस ग्रॅम, घडी केली की एका मुठीत मावते. स्लीपिंग बॅगेच्या आत घालायची रेशमी खोळ. इंग्रजीत तिला लायनर म्हणतात. आपल्याकडे रजईला आणि उशीला खोळ असते, तशीच ही. फरक एवढाच की ती बॅगेच्या आत जाते आणि माणूस तिच्या आत.

माझ्या पिठ्ठूतून ती पहिल्यांदा बाहेर पडली तेव्हा बरोबरचे लोक हसले. "हवालदार साहेब आता रेशमात झोपणार!" एका जुन्या सुभेदार साहेबांनी तर थेट विचारलं, "काय रे, लग्न आहे का कुणाचं?" मीही हसलो. सव्वीस वर्षांच्या नोकरीत काळ्या घोंगड्यावर, ताडपत्रीवर, खंदकातल्या पालापाचोळ्यावर आणि एकदा तर मालगाडीच्या उघड्या डब्यात झोपलेला मी माणूस. रेशीम म्हणजे बहिणीच्या लग्नातला शालू, एवढीच माझी ओळख. पण आज माझं मत पक्कं आहे आणि ते कारणांसह मांडतो. चार दिवसांपेक्षा जास्त चालणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीवर स्वतःची खोळ असलीच पाहिजे. ती रेशमी असेल तर सगळ्यात उत्तम. आणि ते रेशीम दुकानातून आणायची बऱ्याच घरांत गरज नाही, ते आपल्याच ट्रंकेत पडलेलं आहे.

हे मत पुस्तक वाचून झालेलं नाही. त्यामागे एका मुलीचं वर्ष वाया गेलेलं आहे.

इथे मी एनसीसीत पीआय स्टाफ म्हणून आहे. म्हणजे कॉलेजच्या मुलामुलींना ड्रिल, शस्त्र, नकाशा शिकवायचा आणि कॅम्पला न्यायचं. पलटणीतून आलेल्या माणसाला सुरुवातीला हे काम सोपं वाटतं. मग कळतं की जवानाला एकदा सांगितलं की तो करतो. या मुलांना का करायचं तेही सांगावं लागतं, आणि ते बरोबरही आहे. गेल्या हिवाळ्यात आमच्यातली काही मुलं-मुली सातपुड्यात पाच दिवसांच्या ट्रेकला गेली होती. आयोजक खासगी होता, नाव सांगत नाही. झोपायच्या बॅगा भाड्याच्या. मी बरोबर होतो. बॅगा गाडीतून उतरवल्या तेव्हाच वास आला. घामाचा, धुराचा, ओल्या कुत्र्यासारखा. आतलं कापड मानेपाशी काळं पडलं होतं, तेलकट. विचारलं तर उत्तर मिळालं, "सर, सीझन संपला की धुतो." म्हणजे ऑक्टोबर ते फेब्रुवारी त्या एका बॅगेत किती लोक झोपले असतील, हिशोब तुम्हीच करा.

मी काय केलं? काही नाही. ही माझी चूक, आणि ती इथे लिहून ठेवतो. रात्र झाली होती, थंडी होती, मुलं दमली होती. म्हटलं, चालायचंच, फौजेत याहून वाईट बघितलंय.

परत आल्यावर दोनेक आठवड्यांनी एका मुलीच्या मानेवर आणि काखेत लाल चट्टे उठले. गजकर्ण. ती कुणाला बोलली नाही. शरमेनं. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणून लावत राहिली. खाज थांबली, चट्टे मात्र पसरत गेले. डॉक्टरांकडे गेली तोपर्यंत पाठीवर ताटाएवढी वर्तुळं झाली होती. डॉक्टरांनी सांगितलं, त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. स्टेरॉइडनं खाज दबते आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या देशात गजकर्ण जे इतकं चिवट झालंय, जुन्या औषधांना दाद देत नाही, त्यामागे ही मिसळलेली मलमं हे एक मोठं कारण आहे, हे त्वचेचे डॉक्टर सतत सांगतायत. या चिवट बुरशीच्या जातीचं शास्त्रीय नावही आपल्या देशावरूनच पडलंय, ट्रायकोफायटन इंडोटिनी. नाव निघावं तर असं!

पोरीचा इलाज तीन महिने चालला. त्या तीन महिन्यांत पुढच्या कॅम्पची निवड होऊन गेली. मेडिकलला ती उभीच राहिली नाही. धावण्यात आणि नेमबाजीत ती आमच्या पहिल्या तिघांत होती.

आता कुणी म्हणेल, ते बॅगेतूनच आलं कशावरून? शपथेवर नाही सांगू शकत. घरातून, हॉस्टेलच्या टॉवेलवरूनही येऊ शकतं. पण एवढं खरं की बुरशीचे हे बीजाणू कापडावर महिनोन्‌महिने जिवंत राहतात, आणि दुसऱ्याच्या घामाच्या कापडात पाच रात्री उघड्या मानेनं झोपणं म्हणजे त्यांना आवतण देणं. खरजेचंही तसंच. मुख्यतः ती अंगाला अंग लागून पसरते, पण अंथरूण-पांघरुणातूनही येऊ शकते. सैन्यात आपण पायांची तपासणी करतो. रूट मार्च संपला की प्लाटून कमांडर वाकून प्रत्येकाची टाच, बोटांच्या बेचक्या बघतो. का? कारण पाय गेला तर जवान गेला. मग उरलेल्या कातडीनं काय पाप केलंय?

तिथून मी खोळीच्या मागे लागलो.

पहिली खोळ ऑनलाइन मागवली. तुतीच्या रेशमाची, पांढरी, एकशेतीस ग्रॅमची. नंतर तुलनेसाठी सुती घेतली, ती भरली तीनशे ऐंशी ग्रॅम. पाठीवर ओझं घेऊन दिवसाला वीस किलोमीटर चालणाऱ्याला या अडीचशे ग्रॅमचा अर्थ समजावून सांगायला नको. एक पाण्याचा मोठा ग्लास तो. सकाळी जाणवत नाही, संध्याकाळच्या चढाला जाणवतो.

रेशमाचं दुसरं काम घामाचं. झोपेतही माणसाच्या कातडीतून आणि श्वासातून रात्रभरात पाव लिटर किंवा त्याहून जास्त पाणी जातं. पॉलिस्टर पाणी जवळजवळ शोषतच नाही, म्हणून त्यात पहाटे चिकचिक होते. रेशीम साध्या हवेतही स्वतःच्या वजनाच्या अकरा टक्क्यांच्या आसपास ओल धरून ठेवतं. आणखी बरीच शोषली तरी हाताला ओलं लागत नाही. सूतही शोषतं, पण एकदा भिजलं की गार पडतं आणि लवकर वाळत नाही. रेशमी खोळ रात्री धुवून दोरीवर टाकली तर हवा कोरडी असताना पहाटेपर्यंत अंगात घालण्याजोगी होते. हे मी तीन वेळा करून बघितलंय.

तिसरं काम बॅगेचं रक्षण. पिसांची बॅग असेल तर हे सगळ्यात महत्त्वाचं. अंगाचं तेल आणि घाम पिसांत गेला की पिसं चिकटतात, फुगत नाहीत. बॅग ऊब देते ती पिसांनी नाही, पिसांत अडकलेल्या हवेनं. फुगवटा गेला की ऊब गेली. बरं, पिसांची बॅग सारखी धुताही येत नाही, प्रत्येक धुण्यात ती थोडी मरते. खोळ धुवायची, बॅग नाही, हा साधा हिशोब आहे. आपल्या आज्या रजई कधी धुवायच्या का? खोळ काढून धुवायच्या आणि रजईला ऊन दाखवायच्या.

आता ऊबेबद्दल. इथे मात्र दुकानदारांच्या बोलण्यावर जाऊ नका. पाकिटावर पाच अंश, आठ अंश, कधी त्याहून मोठा आकडा छापलेला असतो. माझा अनुभव दोन, फार तर तीन अंशांचा. तोही बॅग नीट बंद असेल तर. थंडीची बॅग कमी पडत असेल तर रेशीम तिला वाचवणार नाही, त्यासाठी चांगली बॅग आणि तिच्याइतकीच चांगली खालची मॅट लागते. बरेच जण वरून दोन पांघरुणं घेतात आणि खालून जमीन त्यांची ऊब पिऊन टाकते. पण मार्च महिन्यात सह्याद्रीत, किंवा इथे बस्तरच्या बाजूला पावसाळा संपताना, बॅग नकोशी आणि काहीच न घेणंही नकोसं अशा रात्री असतात. त्या रात्री बॅग उशाला आणि आपण नुसते खोळीत. त्यासारखी झोप नाही.

सैनिक आणि रेशीम हे नातं काही मी जोडलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी शत्रूच्या मुलखात उतरणाऱ्या वैमानिकांसाठी नकाशे रेशमावर छापले होते. कागद फाटतो, भिजतो आणि झडतीच्या वेळी खिशात कुरकुरतो. रेशीम गप्प बसतं. त्याच वैमानिकांच्या जाड हातमोज्यांच्या आत रेशमी हातमोजे असायचे. 1924 साली एव्हरेस्टवर गेलेला मॅलरी परत आला नाही. त्याचा देह 1999 साली सापडला आणि अंगावरच्या कपड्यांचे तुकडे तपासले तर रेशीम, सूत आणि लोकर यांचे थरावर थर निघाले. त्या तुकड्यांवरून हुबेहूब कपडे शिवून 2006 साली एव्हरेस्टवर घालून पाहिले, तर ते चांगलेच उबदार आणि हलके ठरले. तोवर लोक म्हणत होते, बिचारा कोट घालून एव्हरेस्टला गेला! युरोपात आल्प्सच्या डोंगरी झोपड्यांत आजही स्वतःची खोळ बरोबर आणा असा नियम असतो. तिथल्या घोंगड्या सगळ्यांच्या असतात, खोळ ज्याची त्याची. स्पेनमधल्या सांतियागोच्या शेकडो किलोमीटरच्या पदयात्रेत कितीतरी यात्रेकरू रेशमी खोळ घेऊन चालतात, कारण मुक्काम धर्मशाळेत आणि पलंग रोज नवा.

आणि आपल्याकडे? सोवळ्याचा मुकटा आठवा. घरातले आजोबा पूजेला, जेवायला मुकटा नेसायचे. सुताचं धोतर रोज धुवून वाळवलं तरच सोवळं, रेशमाला तेवढा नियम नाही. मी काही सोवळं-ओवळं मानणारा माणूस नाही, आमच्या लंगरात सगळे एकाच पंगतीत. पण हलकं, पटकन वाळणारं, रोज न धुताही वास न धरणारं कापड कोणतं, हे आपल्या लोकांना ठाऊक होतं एवढं त्यातून दिसतं.

आता भिलाईत बसून मी हे का लिहितोय ते सांगतो. माझी ती पांढरी खोळ बाहेरच्या देशात शिवलेली होती. आणि मी राहतो कुठे? कोशाच्या देशात. इथे टसर रेशमाला कोसा म्हणतात. भिलाई पॉवर हाउस स्टेशनवरून गाडीत बसलं की रायपूर, बिलासपूर आणि पुढे चांपा. चांपा आणि कोरबा या भागात देवांगन विणकरांच्या घराघरांतून मागाचा आवाज येतो. याच लोहमार्गावर उलट्या दिशेला निघा. दुर्ग, राजनांदगाव, डोंगरगड, गोंदिया, भंडारा. तिथे आपलं टसर. भंडाऱ्याजवळ मोहाडी, आंधळगावचे कोष्टी विणकर, गडचिरोलीत आरमोरीच्या बाजूला झाडांवर किडे पाळणारे ढिवर बांधव. करवतकाठी साडी याच मुलखाची. म्हणजे मुंबई-हावडा मार्गावरचा हा शे-दोनशे कोसांचा पट्टा रेशमाचा, आणि आपण खोळ मागवतो परदेशातून.

एका रविवारी चांपा गाठलं. टसरचा किडा घरात टोपलीत राहत नाही, उघड्या रानात ऐन आणि अर्जुन या झाडांवर वाढतो. ऐनाला इथे साजा म्हणतात. पाखरांपासून, मुंग्यांपासून राखण करत माणसं झाडाखाली दिवस काढतात. म्हणजे सेंट्री ड्यूटीच. कोष सुपारीपेक्षा मोठा, टणक, देठासकट. तो उकळून सूत काढायचं. पिढ्यान्‌पिढ्या बाया हे सूत उघड्या मांडीवर वळून काढत आल्या. मांडीची सालं निघायची. आता सरकार त्यांना यंत्रं देतंय, ते चांगलंच आहे. ज्या विणकर काकांच्या ओसरीवर मी बसलो होतो त्यांना म्हटलं, मला साडी नको, झोपायची पिशवी शिवायची आहे. ते दोन मिनिटं माझ्याकडे बघत राहिले. मग बायकोला आत हाक मारली आणि सांगितलं, "सुन तो, फौजी साहब कोसा ओढ़ के जंगल में सोएंगे." माउली पदर तोंडाला लावून हसली. मग मात्र त्यांनीच बिनकाठाचं, पातळातलं पातळ साडेचार मीटर कापड शोधून दिलं, मधाच्या रंगाचं. चार हजारांच्या आसपास गेले.

खोटं बोलणार नाही. कोशाची खोळ तुतीच्या रेशमाइतकी हलकी झाली नाही. टसरचा धागा जाड आणि चपटा, त्यामुळे शिवून, बाजू कापून दोनशे नव्वद ग्रॅम भरली. सुरुवातीला थोडी खरखरीतही होती, चार धुण्यांनंतर मऊ झाली. पण पांढरी खोळ पायापाशी पहिल्याच हंगामात उसवली, आणि कोशाच्या खोळीला आतापर्यंत एक टाका गेलेला नाही. वजनाच्या ग्रॅमा-ग्रॅमाचा हिशोब करणाऱ्यानं तुतीचं घ्यावं. दहा वर्षं वापरायची असेल तर कोसा. मी कोसा नेतो.

इथे सुभेदार साहेबांचा आक्षेप पुन्हा आलाच. ते म्हणाले, "चार हजाराची चादर? अरे, ही पोरं हॉस्टेलची फी भरताना मरतात. आणि तू फौजी. मातीत झोपायची सवय हवी." यातल्या पहिल्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्याला होतं. मातीत झोपायला माझी ना नाही, माती स्वच्छ असते. मी दुसऱ्याच्या खरजेत झोपायला तयार नाही. कणखरपणा आणि गलिच्छपणा या दोन गोष्टी आपण फार वर्षं एकाच किटबॅगेत भरल्या. माझ्या पहिल्या उस्तादांनी मला एक गोष्ट शिकवली होती. गरज पडली तर चिखलात तीन दिवस पडून राहायचं, आणि गरज संपली की पहिली आंघोळ, मगच चहा. ते उस्ताद आज वाचत असतील तर त्यांना माझा सॅल्यूट.

दुसरा आक्षेप एका वाचक ताईंचा. मागे मी ओझरता उल्लेख केला तेव्हा त्यांनी लिहिलं, एका खोळीसाठी शेकडो किडे उकळायचे हे तुम्हाला पटतं का? प्रश्न रास्त आहे. पतंग बाहेर पडलेल्या फुटक्या कोशांपासूनही सूत काढतात, त्याला घिच्चा म्हणतात. ते कापड आणखी जाड आणि जड होतं. ज्यांना उकळलेलं नको त्यांनी तेही घेऊ नये असं वाटलं तर सरळ मलमल घ्यावी. मी माझ्यासाठी नवं रेशीम एकदाच घेतलं, पुन्हा घेणार नाही. त्याचं कारण पुढे आहे.

पैशाच्या प्रश्नाचं उत्तर एका कॅडेटनंच दिलं. मी वर्गात खोळ दाखवत होतो, माप सांगत होतो. साडेचार मीटर लांब कापड मधोमध दुमडायचं, दुमड पायाशी, दोन्ही बाजू शिवायच्या, एका बाजूला वरून हातभर मोकळं सोडायचं म्हणजे आत शिरता येतं. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, ये तो लुगरा जितना हो गया." सगळे हसले. मी नाही हसलो. छत्तीसगढीत साडीला लुगरा म्हणतात. आपलं लुगडंच ते. साडी साडेपाच मीटरची. पदर आणि त्याचा जरीचा भाग कापला की राहतात साडेचार.

पुढच्या आठवड्यात ती तिच्या डोकरी दाईचा, म्हणजे आजीचा, कोशाचा जुना लुगरा घेऊन आली. आजी गेल्याला चार वर्षं झाली होती. आईनं ट्रंकेत ठेवलेला. फाडायला आई तयार होईल का, मला शंका होती. आईचा निरोप होता, "ट्रंक में रहेगी तो कीड़ा खाएगा. इसके साथ पहाड़ देख लेगी." वीस-तीस वर्षं नेसून, धुवून ते कापड इतकं मऊ झालं होतं की माझी नवी खोळ त्यापुढे पोत्यासारखी वाटली.

आपण मराठी माणसांनी हे ऐकून नवल करू नये. आपली गोधडी दुसरं काय आहे? आईच्या, आजीच्या लुगड्यांचे थर, आणि अंगाला लागणारा थर सगळ्यात जुन्या, सगळ्यात मऊ लुगड्याचा. जी बाई बाळाच्या अंगाला काय लागावं एवढा विचार करायची, तिच्या नातवाला आज दुकानदार सांगतो की स्लीपिंग बॅगेला लायनर नावाची नवी वस्तू आलीय.

म्हणून ज्यांच्या घरी जुनी रेशमी साडी आहे, त्यांना माझं सांगणं असं. आधी ती उजेडासमोर धरा. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं रेशीम घडीवरच चिरतं. चिरलं असेल तर तो भाग कापा. काठ आणि जर काढून टाका, जर मानेला ओरबाडते. शिवण दुहेरी आणि बारीक टाक्याची, पायाच्या कोपऱ्यांना तर तिहेरी, कारण ताण तिथेच येतो. सुती दोरा चालतो. रुंदी खांद्यांपेक्षा भरपूर ठेवा. फार चिंचोळी खोळ रात्री कूस बदलताना पायांना गुंडाळते आणि माणूस दोरखंडात अडकल्यासारखा जागा होतो. धुताना रिठा किंवा सौम्य साबण, गार पाणी, पिळायचं नाही, सावलीत वाळवायचं. धुण्याचा सोडा नको, ब्लीच तर अजिबात नको, ब्लीच रेशमाला अक्षरशः खातं. ओलं रेशीम कोरड्यापेक्षा नाजूक असतं, म्हणून हलक्या हातानं. शेकोटीजवळ मात्र ते पॉलिस्टरपेक्षा बरं. ठिणगी पडली तर पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं, रेशीम सहसा थोडं जळून विझतं.

दोन गोष्टी खोळ करत नाही, त्याही सांगतो. ती मच्छरदाणी नाही. बस्तरच्या बाजूला मलेरियानं किती जवान आडवे केलेत ते तिथे राहिलेल्यांना विचारा. पातळ रेशीम अंगाला चिकटलेलं असलं की डास त्यातून चावू शकतो. मच्छरदाणी ती मच्छरदाणीच. आणि ज्याला आधीच गजकर्ण किंवा खरूज आहे त्यानं रेशीम वापरू नये. असं कापड साठ अंशांच्या कढत पाण्यात धुवावं लागतं, रेशमाला ते सोसत नाही. त्याला मलमलीची खोळ द्या, रोज उकळा, आणि मलम डॉक्टरला विचारूनच लावा.

मलमलीचं नाव आलंच आहे तर सांगतो. आमच्या सगळ्या मुलांकडे आजीचा लुगरा नव्हता. उरलेल्यांसाठी सुपेल्याच्या बाजारातून मलमलीचा ताका आणला. एका खोळीला पाचशे रुपयांच्या आत खर्च आला. शिवण मुलांनीच घातली, मुलग्यांनीसुद्धा. सुरुवातीला सुई धरताना लाजत होते. मी सांगितलं, पलटणीत प्रत्येक जवानाच्या किटमध्ये सुई-दोरा असतो, त्याला आम्ही हाऊसवाइफ म्हणतो, आणि बटण तुटलं म्हणून कुणाची बायको बॉर्डरवर येत नाही. मग बसले शिवायला.

या खोळी घेऊन काही मुलं कोल्हापूरला शिवाजी ट्रेल ट्रेकला गेली. पन्हाळा ते विशाळगड, मसाई पठार, पांढरेपाणी, पावनखिंड. 1660 च्या जुलैमध्ये ज्या वाटेनं महाराज पावसातून गेले, त्या वाटेवर छत्तीसगढची पोरं. बाजीप्रभूंची गोष्ट मी त्यांना भिलाईच्या ग्राउंडवर हिंदीत सांगितली होती. खिंडीत उभं राहून त्यांनी फोटो पाठवले. परत आल्यावर मी पहिलं काम केलं ते मेडिकलचं. मान, काखा, पाय. एकाच्या टाचेला फोड. बाकी कातडी साफ. एका ट्रेकवरून सिद्धांत मांडायचा नसतो, हे मलाही कळतं. पण पाच रात्रीत किती जणांना झोप लागली असं विचारलं, तर एकानंही हात खाली ठेवला नाही.

माझ्या मते जो कुणी मुलांना ट्रेकला नेतो, मग तो क्लब असो, शाळा असो की धंदा, त्यानं सामानाच्या यादीत बूट आणि पाण्याच्या बाटलीच्या खाली तिसऱ्या ओळीत "स्वतःची खोळ" असं लिहावं. भाड्यानं बॅग देणाऱ्यानं खोळीशिवाय बॅग देऊ नये. आणि नवरात्रात भिलाई-दुर्गाहून बम्लेश्वरीच्या दर्शनाला डोंगरगडपर्यंत चालत जाणारे भाविक असोत, की आपले पंढरीचे वारकरी, की नर्मदेची परिक्रमा करणारे, रोज नव्या मुक्कामावर दुसऱ्याच्या अंथरुणावर पाठ टेकणाऱ्या सगळ्यांनाच हे लागू आहे. निवृत्त झालेल्या मित्रांपैकी बरेच जण आता परिक्रमेला निघतात, त्यांनी तर नक्की ऐकावं. वहिनींना विचारून जुनी साडी मिळते का बघा. न विचारता कापू नका, मग मी जबाबदार नाही.

ती पहिली मुलगी, जिचं वर्ष वाया गेलं, ती आता पूर्ण बरी आहे. या वर्षीच्या निवडीला उभी राहिली आहे. परवा ग्राउंडवर भेटली तेव्हा पिठ्ठूच्या वरच्या खिशातून हिरव्या रेशमाचं टोक दिसत होतं. विचारलं, कुणाची साडी? म्हणाली, "मम्मी की शादी वाली, सर. उन्होंने खुद काटी."

जय हिंद.